स्टुडिओचे डोळे

"चष्मा काढा."

एवढं बोलून उस्ताद थांबायचा नाही. आपला हात वर जाईपर्यंत त्याची दोन बोटं आपल्या नाकावर पोचलेली असायची. झाडावरचं वांगं तोडावं तसा तो चष्मा तोडायचा, मागे न बघता कुणाच्या तरी हातात द्यायचा आणि म्हणायचा, "काच चमकती. तोंड दिसत न्हाई. हां, आता हिकडं बघा."

हिकडं म्हणजे कुठं, हे चष्मा काढल्यावर कुणाला कळणार?

अंबाजोगाईत कुणाच्याही घरी जा आणि लग्नाचा अल्बम मागा. ज्या नवरदेवाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लाल खळगे दिसतील, तो चष्मेवाला समजा. तो कॅमेऱ्याकडे बघत नसतो. कॅमेरा जिथं असावा असं त्याला वाटतं, तिकडे बघत असतो. बहुतेक वेळा तिकडे जनरेटर असतो. एका पिढीच्या चष्मेवाल्यांनी असं जनरेटरकडे प्रेमानं हसत संसाराला सुरुवात केली, ती या एका माणसामुळे.

त्यात मीही आलो. माझा नंबर उणे सहा. माझ्या लग्नात उस्तादानं चष्मा तोडला, हातात जिलेबी दिली आणि म्हणाला, "सर, भरवा." मी भरवली. बायकोच्या नथीला भरवली. पाक ओघळून शालूवर आला, सगळा मांडव हसला, आणि उस्तादानं नेमका तोच क्षण टिपला. तो फोटो आजही आमच्या शोकेसमध्ये आहे. घरी पाहुणे आले की बायको चहाच्या आधी तो दाखवते.

त्याचं नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ होता आणि सगळे त्याला उस्ताद म्हणत. कुणी दिली ही पदवी? माझा संशय आहे की त्यानंच स्वतःला दिली असावी.

चष्म्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. "चष्मा म्हंजे तोंडाला लावलेली कुबडी," असं तो चष्मेवाल्याच्या तोंडावर म्हणायचा. मी एकदा त्याला पकडला. स्टुडिओच्या भिंतीवर निळ्या कोटातली एक तसबीर होती, तिला तो रोज सकाळी शटर उघडलं की हात जोडायचा. मी म्हणालो, "उस्ताद, भिंतीवर तर चष्माच आहे की! तिथं नाही चमकत काच?"

त्यानं माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "त्यायचा चष्मा वाचून वाचून लागलाय, सर. तुमी काय वाचलंय?"

मी नववी-दहावीचं गाइड वाचलं होतं, आणि तेही शिकवण्यापुरतं.

उस्तादाला स्वतःच्या डोळ्यांचा मात्र भारी गर्व. फोटो काढताना तो डावा डोळा मिटायचा आणि उजवा कॅमेऱ्याच्या भोकाला लावायचा. "डावा दुनियेचा, उजवा पोटाचा," असं ठरलेलं वाक्य. उजव्याला तो लेकरासारखं जपायचा. स्कूटरवर असला की गमछा असा बांधायचा की उजवी बाजू झाकलेली. लग्नात मंगलाष्टकं संपत आली की तो हळूच उजवं अंग वळवून उभा राहायचा, म्हणजे अक्षता डाव्या गालावर. रंगपंचमीला शटर बंद. आता इतक्या काळजीवाहू माणसानं पुढं जे केलं, ते बघता काळजी आणि अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच म्हणावं लागतं.

पण आधी कोट सांगितला पाहिजे.

स्टुडिओत आरशाशेजारी खिळ्यांची रांग होती. एका खिळ्यावर काळा कोट, एकावर गाठ मारून ठेवलेला टाय, एकावर बांधलेला फेटा, एकावर प्लास्टिकच्या मोत्यांचा हार. पासपोर्ट फोटोला आलेला प्रत्येक जण तो कोट घालायचा. मोठा झाला तर उस्ताद पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावायचा. लहान झाला तर म्हणायचा, "श्वास धरा." तालुक्यातले वकील, कंपाउंडर, ग्रामसेवक, पतसंस्थेचे संचालक, सगळ्यांच्या फोटोत तोच कोट आहे, तोच डाव्या कॉलरवरचा चहाचा डाग आहे. त्या कॉलरला गावातल्या सगळ्या मानांचा मिळून एक वास यायचा. कुणी नाक मुरडलं की उस्ताद तोंड वाकडं करायचा. "कोट काय कुणाच्या बापाचा असतो का? फोटोपुरता ज्यानं घातला त्याचा."

हे तत्त्वज्ञान कोटापुरतं राहिलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

पुढं लग्नाआधीच फोटो काढायची टूम निघाली. नवरा-नवरी डोंगरावर धावतात, तळ्याकाठी एकमेकांकडे बघत पाण्यात खडे टाकतात, ते. उस्तादानं आधी नावं ठेवली, मग हळूच तेच सुरू केलं. आणि एक दिवस मला म्हणाला, "सर, नवा माल आलाय. डोळे."

"डोळे?"

"घारे. कुरियरनं आलेत. पोरीला लावले की पोरगी नटी दिसती. काढले की घरची."

त्यानं खिशातून तंबाखू-चुन्याची डबी काढली. तुम्ही पाहिली असेल, दोन्ही टोकांना झाकण असलेली, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. त्यानं एक झाकण उघडलं, पाण्यात राखाडी पापुद्रा तरंगत होता. दुसरं उघडलं, तिथं दुसरा. "ही बाजू उजव्याची, ही डाव्याची. घोटाळाच न्हाई." वर अभिमानानं, "डबी नवी हाय बरं का, चुना शिवलेला न्हाई. अन् पाणी नळाचं न्हाई, जारचं हाय. फिल्टरचं."

कॉन्टॅक्ट लेन्स तंबाखूच्या डबीत ठेवणारा माणूस मराठवाड्याबाहेर सापडेल का, मला शंका आहे. आणि त्या डबीकडे बघून "वा!" म्हणणारा विज्ञानाचा शिक्षक तर मराठवाड्यातही एकच. तो मी.

झालं असं की माझी पन्नाशी आली होती. आमच्याकडे पन्नाशी आली की चौकात बॅनर लागतो. नाही लागला तर लोक समजतात, बिचाऱ्याला कुणी विचारत नाही. मलाही कुणी विचारत नव्हतं. म्हणून मी 'सर मित्रमंडळ' स्थापन केलं. या मंडळाचा अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद मीच. मंडळानं मला शुभेच्छा द्यायचं एकमतानं ठरवलं. राहिला फोटो.

"चष्मा काढा," उस्ताद म्हणाला. मी काढला. त्यानं भोकातून पाहिलं आणि चुकचुकला. "न्हाई जमत. तुमचे डोळे म्हंजे कणकीच्या गोळ्यात दोन मनुके. थांबा. स्टुडिओचे लावू."

मी आठवीला सूक्ष्मजीव शिकवतो. हात साबणानं कसे धुवावेत याचं प्रात्यक्षिक दरवर्षी करून दाखवतो, पोरांकडून नखं तपासून घेतो. तो मी स्टुलावर मान मागे टाकून बसलो. उस्तादानं बोटं पुसली. कशाला? कोटाला. गावाच्या मानेचा घाम लागलेल्या त्या कोटाला बोटं पुसून त्यानं डबीतला पापुद्रा उचलला आणि माझ्या डोळ्यात ठेवला. माझ्या आधी तो किती जणींच्या डोळ्यात जाऊन आला होता, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला फक्त एवढंच सुचलं, "उस्ताद, कसा दिसतो?"

"घाबरून जाईल गाव," तो म्हणाला. खरं बोलला.

फोटो झाला. मला ते डोळे इतके आवडले की मी म्हणालो, घरी दाखवून आणतो. त्या लेन्सना नंबर नव्हता, त्यावर चष्मा लावला तर शोभा जाणार, म्हणून मी चष्मा खिशात घालून निघालो. चौकात एका पुढाऱ्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. मी थांबून वाकून नमस्कार केला, "साहेब, बरं आहे ना?" विचारलं. साहेब काही बोलेनात. पानवाला ओरडला, "सर, ते बॅनर हाय!"

घरी बायको म्हणाली, "अहो, मांजर कावून आणलंय डोळ्यात?" मी रुसलो आणि तसाच दुपारची झोप काढायला आडवा झालो. डोळ्यांत लेन्स तशाच. उठलो तेव्हा डोळे कोरडे ठणठणीत, लेन्स कशाबशा ओरबाडून काढल्या आणि उस्तादाला परत नेऊन दिल्या. त्यानं त्या जारच्या पाण्यात टाकून झाकणं लावली. झालं, पुढच्या गिऱ्हाइकासाठी माल तयार.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यात कुणी वाळू भरल्यासारखं झालं. उजेडाकडे बघवेना. पाणी थांबेना. उस्ताद म्हणाला, "डोळे आलेत. समदीकडं साथ हाय. गुलाबपाणी टाका." मी टाकलं. मग जे झालं त्याला ठणका म्हणणं म्हणजे ठणक्याचा अपमान. त्याच दिवशी बॅनर लागला. चौकात मी घाऱ्या डोळ्यांनी साऱ्या गावाला दरडावत होतो, आणि घरात तोंडावर टॉवेल घेऊन कण्हत होतो. बायकोनं रिक्षा बोलावली आणि मला मेडिकलला नेलं. इथं सरकारी दवाखान्याला मेडिकल म्हणतात.

डॉक्टर बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या होत्या. डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बघितलं. "काका, बुबुळावर जखम आहे. लेन्स वापरता?"

"हो. म्हणजे नाही. स्टुडिओच्या आहेत."

"स्टुडिओच्या म्हणजे?"

"म्हणजे... कोटासारख्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी मग डबी सांगितली, जारचं पाणी सांगितलं, दुपारची झोप सांगितली. बाईंचा चेहरा असा होत गेला की मला माझेच नापास विद्यार्थी आठवले.

"तुम्ही काय करता, काका?"

"शिक्षक आहे."

"विषय?"

मी इतिहास सांगणार होतो. बायकोनं आधीच सांगून टाकलं, "विज्ञान."

त्यानंतर मला जो पाठ मिळाला तो मी आजतागायत विसरलो नाही. लेन्स, मग ती नंबरची असो की नुसती शोभेची, डोळ्याच्या डॉक्टरनं माप घेऊन दिल्याशिवाय घालायची नाही. एकाची लेन्स दुसऱ्यानं घालायची नाही, मग सख्खा भाऊ असला तरी. हात साबणानं धुऊन, स्वच्छ पुसून, मगच हात लावायचा. ठेवायची ती तिच्या औषधी पाण्यातच, आणि ते पाणी दर वेळी नवं. "जारचं असो नाहीतर तीर्थाचं असो, काका, साधं पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही. त्यातले जंतू तुम्हाला दिसत नाहीत, त्यांना तुमचा डोळा दिसतो." लेन्स घालून झोपायचं नाही. आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना झाला, तर त्याच घटकेला लेन्स काढायची आणि दवाखाना गाठायचा. गुलाबपाणी नाही, शेजाऱ्याचा थेंब नाही, दुकानातून मागून आणलेलं औषध तर नाहीच नाही.

"लवकर आलात म्हणून वाचाल," बाई म्हणाल्या. "आता ती डबी आणि लेन्स मला आणून द्या, तपासायला पाठवते. आणि तोवर ती कुणाच्याही डोळ्यात जाता कामा नये. कळलं?"

मी काळा गॉगल लावून थेट स्टुडिओ गाठला. आत शिरलो तर उस्ताद सवयीनं म्हणाला, "चष्मा काढा." मी काढला. माझा डोळा बघून तो एक पाऊल मागं सरला.

स्टुलावर एक मुलगी बसली होती. घाटनांदूरची, लग्न ठरलेलं. तिची आत्या तिच्या पापण्या दोन बोटांनी फाकवून उभी होती, आणि उस्तादाच्या बोटावर तो राखाडी पापुद्रा. मी एकच ओरडलो, "थांब!"

"काय झालं, सर?"

"ती लेन्स घालू नको. माझा डोळा हिच्यामुळं गेलाय. डॉक्टरनं डबी मागवलीय."

उस्तादाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. गिऱ्हाइकासमोर खाली बघणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. "ह्यायचे डोळे आलेत," तो आत्याला म्हणाला. "साथीचे. अन् खापर माझ्या मालावर फोडायलेत. आजपस्तोर एकाची तक्रार न्हाई."

आत्याबाई कसलेल्या होत्या. कपाशीचा सौदा पटत नसला की बाया बघतात तसं त्यांनी उस्तादाकडे बघितलं. "माल चोख हाय म्हंता ना? मंग आदी तुमच्या डोळ्यात घालून दावा. मंग पोरीच्या घालू."

उस्तादानं माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग आरशात स्वतःकडे पाहिलं. आणि बोट उजव्या डोळ्याकडे नेलं.

"उस्ताद, घालू नको बे!" मी त्याचा हात धरला. "घालायचीच असली तर डाव्यात घाल. उजवा पोटाचा आहे."

"खोट्या मालाची कसोटी डाव्यात घेतेत," त्यानं माझा हात झटकला. "खऱ्याची उजव्यात."

आणि घातली. एक डोळा काळा, एक घारा. त्याही अवस्थेत मला हसू आलं, कारण तो हुबेहूब आमच्या गल्लीतल्या बोक्यासारखा दिसत होता. तो विजयानं आत्याकडे वळला. "बघा. झालं काय काही?"

आत्या म्हणाली, "काय नगं बाई. आमच्या पोरीचे काळेच बरे," आणि पोरीला उठवून तसाच फोटो काढायला लावला. उस्तादानं तो काढला, उजव्या डोळ्यात ती लेन्स ठेवूनच. मी डबी आणि उरलेली लेन्स उचलली. "आता तरी काढ," मी दारातून म्हणालो. "तुमी तुमचा डोळा बघा, सर," तो म्हणाला. पुढं त्याच्या बायकोनं सांगितलं, दिवे लागेपर्यंत त्यानं ती काढली नाही. का? तर रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं की उस्तादानं माघार घेतली. एवढ्यासाठी. माणूस किती मूर्ख असू शकतो याचा विक्रम तोवर माझ्या नावावर होता. त्यानं तो एका दुपारीत मोडला.

माझ्या डोळ्यात तासातासाला थेंब पडत राहिले. बायको गजर लावून उठायची, थेंब घालायची आणि प्रत्येक थेंबागणिक "मित्रमंडळ!" एवढंच म्हणायची. हळूहळू डोळा निवळला. डबीतल्या पाण्यात काय काय निघालं ते बाईंनी सांगितलं. ती नावं आठवीच्या पुस्तकात नव्हती.

मी दोनदा उस्तादाकडे गेलो. शटर अर्धं खाली. पहिल्यांदा आतून आवाज आला, "बाहेरगावी गेलाय." आवाज त्याचाच होता. दुसऱ्यांदा तो बाहेर आला, डोळा ताणून दाखवला. "बघा. लाली गेली का न्हाई? दुकानातून थेंब आणलेत. दोन दिवसांत ठणका बंद." मी म्हणालो, डॉक्टरला दाखव, बाई सांगत होत्या की काही थेंब नुसती लाली घालवतात आणि आतली जखम वाढवतात. तो म्हणाला, "तुमी गुलाबपाणीवाले. तुमी शिकवू नका."

खरं सांगतो, मला राग आला. म्हटलं, मर मग. घरी येऊन चहा प्यायलो.

मग आमच्या शाळेत दहावीच्या वर्गाचा फोटो होता. उस्ताद आला. पोरं बाकांवर चढली, हेडमास्तर मध्ये खुर्चीवर. उस्तादानं उजवा डोळा भोकाला लावला आणि थांबला. खिशातलं फडकं काढून कॅमेऱ्याची काच पुसली. परत डोळा लावला. परत पुसली. फुंकर मारून पुसली. मग आकाशाकडे बघून म्हणाला, "कुणी धूर कावून केलाय?"

धूर कुठंच नव्हता. लख्ख ऊन होतं. पोरं फिसकन हसली. तो काच पुसतच राहिला, पुसतच राहिला, आणि कुणाच्या काही लक्षात यायच्या आत मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं. त्याच्या बुबुळावर, नेमकं मधोमध, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.

"सर," तो हळूच म्हणाला, "कॅमेरा गेला का हो?"

"नाही," मी म्हणालो. "कॅमेरा चांगला आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यामागं मुकाट्यानं आला. मेडिकलला त्याच बाई होत्या. त्यांनी तोच निळा उजेड लावला, आणि या वेळी त्या रागावल्या नाहीत. डॉक्टर रागावले नाहीत की समजावं. जखम भरली, त्याला फार दिवस लागले, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं ते पडलं. "पुसता येत न्हाई का?" उस्तादानं विचारलं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, मुरमं, देवीचे व्रण कॉम्प्युटरवर पुसले होते. बाई म्हणाल्या, पुसता येत नाही, बदलता येतं. कुणी नेत्रदान केलेलं बुबुळ मिळालं तर.

बाहेर येऊन तो बाकावर टेकला. "दुसऱ्याचं बुबुळ," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाचं. माझ्या डोळ्यात."

मला राहवलं नाही. "बुबुळ काय कुणाच्या बापाचं असतं का, उस्ताद?"

त्यानं मान वर केली. मला वाटलं हा आता दोन शिव्या घालणार. तो हसायला लागला. इतका हसला की पलीकडचे पेशंट बघायला लागले, आणि हसता हसता दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याबाबतीत उजवा अजून चालू होता. मग उठला आणि यादीत नाव देऊन आला.

बाईंनी त्याला एक गोष्ट आणखी सांगितली. आता एकच डोळा धड आहे, त्याला खडा-काडी लागू द्यायची नाही, म्हणून जाड काचेचा चष्मा कायम लावायचा. नंबर असो नसो. कायम.

उस्तादाला चष्मा लागला! ही बातमी गावात निवडणुकीच्या निकालासारखी पसरली. ज्यांचे ज्यांचे चष्मे त्यानं तोडले होते ते सगळे काही ना काही निमित्त काढून स्टुडिओवरून चक्कर मारून आले. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, दोनदा गेलो. तो काउंटरवर बसलेला, तोंडावर काळी जाड फ्रेम, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना ते लाल खळगे. "काय बघायलाव?" तो म्हणाला. "उस्ताद, काच चमकती," मी म्हणालो. त्यानं कोट फेकून मारला.

तो डाव्या डोळ्यानं फोटो काढायला शिकला. "दुनियेच्या डोळ्यानं पोट भरायलोय," म्हणायचा. पण डावा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर दाबलं जायचं, चष्मा आडवा यायचा, आणि फोटोत डावीकडचा मामा कापला जायचा नाहीतर उजवीकडची मावशी. लोक मामा-मावशीवरून फार भांडतात. बोलावणी कमी झाली. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. ताट धरल्यासारखा मोबाइल धरून फोटो काढणाऱ्यांकडे तो असा बघायचा की जणू ते ताटात थुंकत आहेत. राहिले पासपोर्ट फोटो. आणि कोट. कुरियरनं डोळे पुन्हा कधी आले नाहीत, आणि स्टुडिओच्या काचेवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी होती: 'डोळे आपापले आणावेत.'

त्या पाटीला गाव हसलं. मी नाही हसलो. म्हणजे पहिल्या दिवशी हसलो.

मागच्या थंडीत मला शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मी स्टुलावर बसलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आपण होऊन चष्मा काढून मांडीवर ठेवला. उस्ताद कॅमेऱ्यामागून पुढं आला. मांडीवरचा चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या आणि दोन बोटांनी, हळू, माझ्या नाकावर बसवला.

"राहू द्या."

"अरे, काच चमकेल."

"चमकू द्या, सर. चष्मा काढला की माणूस बघत न्हाई, नुस्तं तोंड धरून बसतो. हां. आता हिकडं बघा."

मी बघितलं. पहिल्यांदाच मला कळलं, हिकडं म्हणजे कुठं.

फोटो कार्यालयातून परत आला. काच चमकते, डोळे दिसत नाहीत, दुसरा आणा. दुसरा मी मोबाइलवर काढून दिला. उस्तादाला सांगितलं नाही. एवढी तरी अक्कल मला आली होती.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. बुबुळाचा नंबर यायच्या आत छातीतली एक कळ आली आणि तो गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बॅनर करायचा म्हणून त्याच्या पोरानं फोटो शोधला. साऱ्या तालुक्याचे जन्म-लग्न-मरणाचे फोटो ज्यानं काढले, त्याचा एक फोटो घरात नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. आणि त्यात काय, तर हा आयुष्यभर लोकांवर "डोळे मिटू नका" म्हणून खेकसणारा माणूस, दोन्ही डोळे अर्धे मिटलेले. गाव मनातल्या मनात हसलं असणार. अशी संधी कोण सोडतं?

कार्यक्रमाहून घरी आलो आणि तो नापास झालेला फोटो काढला. माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर दोन पांढरे चौकोन आहेत, स्टुडिओच्या दिव्यांचे. त्यातल्या उजव्या चौकोनाच्या कडेला एक छोटी काळी आकृती आहे. मी तो फोटो मोबाइलवर टिपून वाढवत गेलो. एका बाजूला वाकलेला माणूस, तोंडासमोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या वर चष्म्याची एक दांडी. त्याहून वाढवलं की नुसते ठिपके होतात.

त्याच्या पोराला तो द्यावा असं एकदा मनात आलं. मग वाटलं, नको. उस्तादानं हा पाहिला असता तर फाडून टोपलीत टाकला असता आणि माझ्या नाकाकडे हात लांबवून म्हणाला असता, "तोंड दिसत न्हाई, सर. परत बसा."